टॅलमनचा धक्का

नकाशावर अजून एक ठिपका आहे
मिसूरीच्या काठाला चिकटलेला.
तो तपासायला कौंटीनं मला पाठवलं.
प्रत्यक्षात नदी इथून अडीच मैल लांब,
मध्ये मका. नुसता मका.

व्हरलीन ऑस्टरगार्ड गाडीतून उतरली,
काठीनं जमीन ठोकून म्हणाली, इथे पाणी होतं.
तिच्या पणजीच्या लहानपणी,
मार्चमध्ये बर्फ फुटला
आणि नदीनं रात्रीत कूस बदलली.
सकाळी धक्का जागच्या जागी,
दोर, दोराला तराफा,
खाली चिखलात तडफडणारे मासे.
लोकांनी आधी टोपल्या भरल्या.
जेवणं झाल्यावर
काय झालंय ते लक्षात आलं.

गाव मेलं, पण कुणी पुरलं नाही.
वाटून घेतलं.
घंटा ऑर्डवेच्या चर्चनं नेली,
ती अजून सर्दी झाल्यासारखी वाजते.
टपालाचे खण बेथसाइडच्या न्हाव्याकडे,
आता त्यांत वस्तरे.
शाळा तर अख्खी, ओंडक्यांवरून,
सोळा बैल लावून न्यू युलरिकला ओढली;
वाटेत फळ्यावरची बेरीजसुद्धा पुसली नाही म्हणे.
बैल बारा होते, असं ऑर्डवेवाले सांगतात.

तराफ्याच्या फळ्या पर्विस कुटुंबानं घेतल्या.
केंटकीहून चालत आलेली काळी माणसं;
गावात त्यांना घर बांधू दिलं नव्हतं.
गाव उठलं आणि त्यांचं घर झालं.
आजूबाजूला तेवढंच उभं आहे.

आणि ओटो लोक? मी विचारलं.
ती थोडी थांबली.
त्यांना त्याआधीच दक्षिणेला हलवलं होतं.
ते या सखलात घरं बांधत नसत, असं ऐकलंय.
'सांगितलं असेल त्यांनी,' ती म्हणाली,
'विचारलं नसेल कुणी.'

इझिकिएल टॅलमनचं थडगं मात्र कुणालाच नको होतं.
दगडाचं तोंड पाण्याकडे,
म्हणजे मक्याकडे.

ऑस्टरगार्डांच्या वाट्याला काय आलं,
ते तिनं घरी, जेवताना दाखवलं.
मिठाच्या बरणीमागून काढलेली भाड्याची पाटी :
माणूस दहा सेंट. घोडा पंचवीस.
डुकरांचं कळप बघून ठरेल.
मयत फुकट.

तिनं ती फडक्यानं पुसली, जागेवर ठेवली,
माझ्या ताटात आणखी बटाटे वाढले.
ठिपक्याचं काय करणार,
तिनं विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.