पान सत्तावीस, ओळ तिसरी

“काल आला आणि ओट्यावर बसला.”
एवढीच ओळ. तिच्यावर मी
एक्केचाळीस पानं लिहिली आहेत.
प्रकरण चौथे : अनुपस्थित कर्ता.
कोण आला ते कवी सांगत नाही, असं म्हणत
मी बोटीवर गेलेले बाप आणले,
आखातातून न परतलेले भाऊ आणले,
संरचनावाद आणला, वाचककेंद्री समीक्षा आणली,
आणि त्या एका रिकाम्या जागेत
सगळ्यांना दाटीवाटीनं बसवलं.
मॅडमनी समासात लिहिलं : छान. विस्तार करावा.
मी विस्तार केला.

रघुवीर खवणेकर, कस्टममध्ये कारकून,
एकच संग्रह, प्रती अडीचशे,
वेंगुर्ल्यात छापलेला. छापखान्याच्या जागी आता
मोबाइलची कव्हरं मिळतात.
पण खिळे जुळवणारे सगुण मेस्त्री आहेत,
कॅम्पाच्या उतारावर, दोन काजींच्या मागे,
असं कॉलेजच्या शिपायानं सांगितलं म्हणून गेले.
ऋणनिर्देशात एक नाव वाढावं, इतकाच हेतू.

त्यांनी पुस्तक डोळ्यांशी नेलं, मग लांब धरलं,
मग पान उलटून पाठीवरून अंगठा फिरवला,
जिथं खिळ्यांचा दाब अजून हाताला लागतो.
“ह्यां काल न्हय,” म्हणाले. “काळ.
ळ संपलेलो.”

“त्या आठवड्यात बागायतदारांची नोटीस व्हती.
नारळ, केळी, फणसाची फळां, तांदूळ,
ळ-चो सगळो खण रिकामो.
नवे खिळे बेळगावसून येवचे.
म्हटलां, ल लावया.
वाचतलो तो समाजतलो.”

वाचणारी मी होते.

म्हणजे तो तिथंच होता. पहिल्या शब्दापासून,
ओट्यावर, पाय सोडून, छत्री कोपऱ्यात ठेवून,
आणि मी त्याच्याच समोर उभी राहून
एक्केचाळीस पानं विचारत होते, कोण आलं, कोण आलं.

“मग कवी काही बोलले?”
“इले. बाकड्यार बसले. ती वळ तीनदा वाचली.
चाय घेतली. म्हणाले, ऱ्हवांदे, सगुण.
नि धा प्रती घेवन गेले.”

ऱ्हवांदे म्हणजे कसं? आवडलं म्हणून राहू दे,
की आता काय उपयोग म्हणून,
की पुन्हा छापायला पैसे नव्हते म्हणून?
“बाय, तां माका म्हायत नाय.
माजां काम खिळे जुळवचां.”

मॅडम फोनवर म्हणाल्या, लेखकाचा हेतू
आपण कधीपासून मानायला लागलो?
एक तळटीप दे, प्रकरण तसंच ठेव.
पटलं. मला हे नेहमीच पटत आलं आहे,
वर्गात तर मी ते फळ्यावर लिहून देते.

संध्याकाळी बंदरावर बसून तळटीप लिहिली.
‘मुद्रणदोष संभवतो.’ खोडलं.
‘पाठभेद : काळ.’ खोडलं.
‘कवीची मूक संमती गृहीत धरता येईल.’
पुरावा काय? एक कप चहा. खोडलं.
दीपगृहाचा उजेड वहीवरून गेला, परत आला.
त्या आठवड्यात तळटीप हा शब्दसुद्धा
त्यांना छापता आला नसता.
हे कुठं नोंदवू? संदर्भसूचीत याला रकाना नाही.

पुस्तक मेस्त्रींकडेच राहिलं होतं.
सकाळी आणायला गेले तर ते ओट्यावर,
पान सत्तावीसमध्ये बोट घालून, डोळे मिटून.
हाक मारली तेव्हा उघडले.
शेजारच्या स्टुलावर आणखी एक कप,
अर्धा प्यालेला, साय धरलेला.

मी पुस्तक घेतलं.
कोण आलं होतं, विचारलं नाही.