दोरी

बिल्ल्यावर प्रियंका लिहिलेलं आहे.
ती मागल्या दिवाळीनंतर लग्न होऊन बडनेऱ्याला गेली,
बिल्ला इथंच राहिला, काउंटरच्या खणात,
पिनेला थोडा गंज.
माझं नाव बेबीनंदा.
कंपनीचं काही म्हणणं नाही.

दर्यापूरच्या स्टँडसमोर नवा मार्ट.
जिथं एसीची हवा संपते आणि धूळ सुरू होते
बरोब्बर त्या फरशीवर माझं टेबल.
पांढरा डबा, आत तीन पाती, वर दोरी.
कांदा टाका, झाकण लावा, ओढा.
"बघा ताई, पाच सेकंदांत!
आणि डोळ्यांत एक थेंब पाणी नाही!"

हे वाक्य अमरावतीच्या ट्रेनिंगात
अकरा वेळा म्हणवून घेतलं माझ्याकडून.
पाणी म्हण, पानी नाही.
डोळे म्हण.
एवढं सगळं
कांदा चिरायला.

बाजाराच्या दिवशी पोरं दोरी ओढून पळतात.
एक रिटायर मास्तर येतात, पात्याचं स्टील विचारतात,
हमी विचारतात, डबा उलटा करून बघतात,
मग साखर घेऊन जातात.
येऊ द्या. ते उभे राहिले की
आणखी चार जण उभे राहतात.

रात्री आठपर्यंत सहा किलो कांदा होतो.
तो गुणवंत भजेवाला तोलून नेतो,
पैसे मार्टला, मला कागदात चार भजी.
स्टँडवरचं अर्धं गाव माझ्या हातचं खातं,
कोणाला माहीत नाही.

परवा येवद्याकडची एक म्हातारी आली,
काखेत मेथीची जुडी.
साऱ्या डेमोभर डब्याकडे पाहिलंच नाही तिनं.
"काऊन वं, पानी येत नाई म्हनतं तू,
मंग तुहे डोये लाल कायचे?"

मागच्या दोन पोरी फिसकन हसल्या.
सुपरवायझर बिस्किटांच्या रांगेत.
म्हणणार होते, एसीनं होतं ताई.
तोंडातून आलं,
"सहा किलो होते ना माय रोजचा.
डब्बा झाकून असते,
पर खोला लागते ना त्याले."

ती हसली. म्हणाली, आन इकडं.
खाऱ्या विहिरीचं पाणी शेंदलेला हात तो.
एकदाच ओढली
आणि दोरी मुठीत आली.

डेमोपीस विकायचा नसतो, तरी ती
लुगड्याच्या गाठीतून पैसे सोडायला लागली.
मी गाठ धरून ठेवली.
"नाव काय वं तुहं?"
बिल्ला तिला वाचता येत नव्हता.
"बेबीनंदा."
"बेबीनंदे, रातच्याले धने भिजू घाल,
सकायी त्या पान्यानं डोये धू."

दुसरा डबा काढला. दोरी तपासली.

धने सातव्या रांगेत, खालच्या फळीवर.
पन्नास ग्रॅमचं पाकीट घेतलं.
कामावरच्यांना सूट नाही.