अर्धा आटा

गणपती पेठेत, वह्यांच्या दुकानाच्या वर,
आमची दहा बाय बाराची खोली.
मगदुमांच्या अरिंजयचा जुना संगणक उघडला
तर आत हळद.
अडतीवर नऊ मोसम काढलेले त्यानं,
कूलरच्या पात्यापात्यांत पिवळा थर,
ब्रश फिरवला की लग्नघराचा वास.

"कूलर चांगलाय, हाच बसवा."
बाकी सगळं नवं. प्रोसेसर, सॉकेट, बोर्ड,
आणि रॅमच्या खोक्यावर सोनेरी आकडा: चौसष्टशे.
तो त्यानं दोनदा मोठ्यानं वाचला,
सौद्यात दर पुकारतात तसा.

जुने पाय नव्या भोकांवर टेकेनात.
दोन मिलिमीटर. फक्त दोन.
कुपवाडला तवनाप्पानं लेथवर पितळी नळ्या काढून दिल्या,
मागितल्या चार, दिल्या पाच,
एक हरवतेच म्हणाला.
कशाला लागतायत ते विचारलं, मी सांगितलं,
त्याला काही पटलं नाही.
एवढ्याशा चौकोनाच्या डोक्यावर किलोभर धातू?

दिलशाद शिकलगारांची.
तिचा आजा दारोदार विळे-कात्र्यांना धार लावायचा.
तिनं कूलरच्या तांब्याच्या तळावर ब्लेड उभं टेकवलं,
खिडकीकडे धरलं, एक डोळा मिटला.
"मधून उजेड येतोय."
किती?
"केसाएवढा. पेस्ट भरून काढेल."
वाटाण्याएवढी घातली, चार स्क्रू लावले,
शेवटचा मी आवळला.

बटण दाबलं. पडदा काळा.
एक मिनिट. तीन. अरिंजय खुर्चीतून उठला.
बस रे, म्हटलं, पहिल्यांदा असंच असतं,
बोर्ड रॅमची ओळख करून घेतोय,
एकेक तार छेडून विचारतोय,
इथून ऐकू येतं का? आणि इथून?
सहाव्या मिनिटाला उजेड झाला.
तो घरी गेला, आम्ही तपासणी लावली.
लिही, परत वाच, जुळतं का बघ,
कोट्यवधी वेळा, रात्रभर.

पहाटे तीन-चाळीसला एक लाल ओळ.
एकच.
रोजकीर्दीत एकच आकडा चुकला
तर कोण म्हणतं एकच?

दुसऱ्या रात्री व्होल्टेज चढवलं. लाल.
तिसऱ्या रात्री बासष्टशे, टायमिंग सैल. लाल,
तेही साडेबारालाच.
चौथ्या रात्री सहा हजारांवर उतरलो
तर दोन पट्ट्यांतली एक दिसेनाशीच झाली.
मी पट्ट्या पुसल्या, फुंकल्या, जागा बदलल्या,
विकणाऱ्याला शिव्या घातल्या.

दिलशादनं कूलरवर हात ठेवला, जरा थांबली.
"हा कोपरा कुणी आवळला?"

मी.
एप्रिलची सांगली, बेचाळीसचा पारा,
मला वाटलेलं घट्ट म्हणजे गार.
एक कोपरा दबला आणि पलीकडच्या पिना
टेकतायत न टेकतायत अशा झाल्या,
हजारांतल्या चार-दोन असतील,
त्यांतूनच रॅमचा रस्ता.

तिनं अर्धा आटा सोडला.
समोरचा तेवढाच घेतला.
मग तिरके, मग पुन्हा समोरासमोर,
हाताला सारखं लागेपर्यंत.
"आजा म्हणायचा, दाबून धार येत नाही,
पातं जळतं."
मला बोलली का स्क्रूला, कळलं नाही.

सहा हजार. रात्र गेली, दूधवाला गेला,
दुपारी लाईट गेली, यूपीएसनं धरून ठेवलं,
एकही ओळ नाही.
चौसष्टशेला नवव्या तासाला एक आली.
सहा हजारच ठेवलं, कागदावर लिहून आत चिकटवलं.

"खोक्यावर तर—"
फळ्यावरचा दर आणि हातात आलेली पट्टी
तुमच्या यार्डात सारखी असते का?
तो हसला नाही. पैसे मात्र पुरे दिले.

पाचवी नळी टेबलावरच राहिली.
पंखा लावला की घरंगळते, नेहमी डावीकडं.
इतकी वर्षं या टेबलावर काम करतोय,
ते कललंय हे मला माहीत नव्हतं.