पोतं आधी तोलून घे

निंगव्वा, ही चप्पल इथं चालणार नाही.
वेर्ल्याचा हा उतार नऊ वाजेपर्यंत दंवानं ओला असतो,
आणि सुपारीची झावळ पायाखाली आली
की माणूस थेट ओढ्यात जाऊन थांबतो.
माझे जुने बूट घे. मोठे होतील, पुढं कापूस कोंब.
शर्ट लांब बाह्यांचा. नवऱ्याचा असला तरी चालेल,
हुमले कॉलर बघून चावत नाहीत.

त्यांचं घर पानांत शिवलेलं असतं.
दिसलं की ती फांदी सोड,
तिचा हिशेब कुणी मागत नाही.
चापडा मात्र पानासारखाच हिरवा, पानासारखाच गप्प.
आधी काठीनं फांदी हलव, मग हात घाल.
घाई असली तरी.
घाई असेल तेव्हा तर नक्कीच.

आता बघ.
हे लाल, हे घे. हे पिवळट, राहू दे,
पंधरा दिवसांनी पुन्हा याच ओळीत येणार आहोत.
खाली पडलेलं काळं, ते वेगळ्या पिशवीत.
ओढू नकोस गं! अंगठ्यानं जरा पिरगळ,
झोपलेल्या पोराच्या मुठीतून नाणं काढतो तसं.
देठ झाडालाच राहू दे,
पुढच्या वर्षीचं फूल तिथंच बसतं.

दुपारी पेज मिळते, बरोबर मिठातली तोरं.
तुझं पोट तिनं भरायचं नाही, निदान पहिले आठ दिवस.
भाकरी बांधून आण.
पाणी झऱ्याचं पी. टाकीतल्या पाण्यात फळं बुडवतात,
पोकळ असतील ती वर येतात.
गवा दिसला तर पळायचं नाही, ओरडायचं नाही,
तो पाण्याला आलेला असतो, तुझ्यासाठी नाही.
आणि भरलेली पोती रात्रभर बांधून ठेवली
तर आतून तापतात, सकाळी दारूचा वास मारतात.
त्याच संध्याकाळी खळ्यावर पसरायची,
मग कंबर मोडली तरी.

हे सगळं तुला शाबलो मुकादमही सांगेल.
पुढचं तो सांगणार नाही.

पाच वाजता फणसाच्या फांदीला काटा टांगतात.
काट्याखाली वही घेऊन एक बाई बसते.
ती मी.
पोत्याचं म्हणून दर खेपेला एक किलो कापायचं,
असं मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं.
खताचं रिकामं पोतं ते, प्लास्टिकचं.
एकदा घरी जाताना
वाण्याच्या तराजूत टाकून पाहिलं.
सव्वाशे ग्रॅमसुद्धा नव्हतं.
तरी कापत राहिले, तीन वर्षं.
मला त्यातलं काही मिळत नव्हतं,
नुसती शाई माझी होती.

गेल्या हंगामात हल्याळची फकिरव्वा होती,
दिवसाला दोन पोती, साठ दिवस.
होळीच्या रात्री वहीच्या मागच्या पानावर
मी तिचा गुणाकार केला.
शंभर किलोंच्या वर गेला.
ते पान फाडलं. ती तोवर
सांग्याच्या कदंबात बसून गेली होती.

म्हणून आज सगळ्यांसमोर
रिकामं पोतं आधी काट्याला लाव
आणि आकडा मोठ्यानं म्हण.
कन्नडमध्ये म्हटलास तरी चालेल,
दहापर्यंत मला येतं.
माझ्या वहीवर विसंबू नकोस. तुझी वेगळी ठेव,
नाहीतर दोरीला गाठी मार.
काटा वाऱ्यानं हलतो,
तो थांबेपर्यंत जागची हलू नकोस,
मी “चला, पुढं चला” म्हणाले तरी.

आणि मी म्हणेन.
मालक समोरच खुर्ची टाकून बसलेला असतो.
मला दोन पोरं आहेत.

चल, दंव सुकलं.
पिशवी कमरेला बांध. गळ्यात नको,
चौथ्या दिवशी मान धरते.