तुमची सकाळ किती वाजता होते

तिच्या कागदावर मी लाल शाईनं लिहिलं होतं:
गोळ्या नियमित घेत नाही.
टीएसएच अडतीस.
पंचाहत्तरचे शंभर केले, शंभरचे सव्वाशे,
आणि दर खेपेला माझं तेच पाठ वाक्य –
सकाळी, उपाशीपोटी, पाण्याबरोबर,
चहा तासाभरानं.

दमयंती लांभाते, वय एक्केचाळीस, राहणार मल्हारगंज.
नुसती मान डोलवायची.
एकदा तिचा एक लांब केस टेबलावर गळून पडला,
तो मी फुंकरीनं उडवला
आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

चौथ्या खेपेला म्हणाली, डॉक्टरबाई,
सकाळ म्हणजे कोणती?

सराफ्यात सोन्याची दुकानं शटर ओढून घेतात
तेव्हा त्यांच्या पायऱ्यांवर हिचा दिवस उजाडतो.
नवरा कढई चढवतो, ही कणसं किसते,
पोतंभर, बोटांची सालं जाईस्तोवर.
अकराला ठेल्यामागं उभ्यानंच दोन पोळ्या.
मग गर्दी, मग भांडी, मग रिकामा राजवाडा ओलांडून घर.
चारला अंग टाकते.
दुपारी साडेबाराला पोरगी शाळेतून येते,
दप्तर न काढता चहा ठेवते, आईला उठवते.
'गोळी घेते की मी, रोज घेते, त्याच चहाबरोबर.
तास थांबा म्हणता तुम्ही. तासाभरात ती ट्यूशनला जाते.
दिवसात आमची भेट तेवढीच.'

आमच्याकडं लिहिलेलं खोडता येत नाही.
एक सरळ रेघ, खालचं वाचता यावं अशी,
बाजूला सही आणि तारीख.
मी रेघ मारली.
'घेत नाही' तरीही दिसत राहिलं.

एका बाईवरून पुरावा होत नाही,
प्रश्न होतो.
तो घेऊन समितीपुढं गेले. एक सर म्हणाले,
झोपायची वेळ हा काय संशोधनाचा विषय?
मग माणसं शोधली: सियागंजचे हमाल,
बेकरीवाले, एटीएमचे रखवालदार,
आमच्याच वॉर्डातल्या रात्रपाळीच्या तीन सिस्टर.
एकशे अठरा.
प्रत्येकाला दोन डब्या, एक झोपतानाची, एक उठतानाची.
एकीत औषध, दुसरीत नुसती खडूसारखी गोळी.
चार महिन्यांनी अदलाबदल.
आणि तेवढे आठ महिने चहा तासाभरानंच, हे तिला हात जोडून सांगितलं.
पोरीनं ट्यूशनची वेळ बदलून घेतली.

खरी कुठल्या डबीत?
मला माहीत नाही.
तुम्हालाही नाही?
नाही. कळलं तर सगळं वाया.
ती पहिल्यांदाच हसली,
चला, म्हणजे एकदा तरी बरोबरीत आलो.

निकाल आला: दोन वेळांत
लक्षणीय फरक आढळला नाही.
धाकटा डॉक्टर हिरमुसला, म्हणाला,
मॅडम, काहीच निघालं नाही हो यातून.
मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला,
आणि तिला फोन केला.

फरक नाही म्हणजे?
म्हणजे पहाटे, झोपताना घेतली तरी चालते.
अकराला जेवता, चारपर्यंत पोट रिकामंच असतं.
आणि चहा?
उठल्याबरोबर. पोरीबरोबर.
फोनवर जरा वेळ कोणीच बोललं नाही,
मागं कढईत काहीतरी तडतडलं.

आता टीएसएच चार. डोस उलट कमी करावा लागला,
सव्वाशेवरून पंचाहत्तर.
आमच्या फॉर्मवर पहिला प्रश्न
वय नाही, वजन नाही:
तुमची सकाळ किती वाजता होते?
शिकाऊ पोरं तो घाईत विचारतात,
उत्तर न ऐकता खूण करतात. रागवावं लागतं.

परवा आली होती.
पायात गोळे येत नाहीत म्हणाली, आवाजही सुटलाय.
केस मात्र गळतात अजून, थोडे थोडे.
मी लिहून घेतलं, तिच्याच शब्दांत,
'थोडे थोडे' दोनदा.