फेरी रद्द करते

तीनच शब्द होते.
सहा वर्षांपूर्वी कुणीतरी घाईत लिहिलेले,
बहुधा शुक्रवारी, बहुधा जेवणाआधी:
"फेरी रद्द करते."
तेव्हा वाचणारे सगळे ह्याच धक्क्यावरचे.
कुणाची फेरी, कोणती फेरी,
ज्याला त्याला नाकासमोर दिसत होतं.

मंगळवारी हानुसची मेंढी अडली.
फेरो बेटांवर एप्रिलात
मेंढ्या कुणाचं वेळापत्रक पाळत नाहीत.
मेंढवाड्यातूनच, एका बोटानं,
त्यानं बोट कंपनीच्या नव्या मदतनिसाला लिहिलं,
"माझी चारची फेरी रद्द कर."
मदतनीस म्हणजे माणूस नव्हे,
यादीतून हवं ते अवजार उचलून
काम उरकणारं यंत्र,
नम्र, झटपट,
आणि "म्हणजे नक्की काय?" असं विचारायला
कुणी न शिकवलेलं.
त्यानं यादी वाचली. अवजार सापडलं.
"झालं," त्यानं कळवलं.

आणि झालंच.
चारची बोट दोराला बांधलेली राहिली.
कप्तान तुम्मास पडद्यावरचा लाल शब्द बघे,
मग आभाळ बघे,
वारा तर पानभरही नव्हता.
धक्क्यावर सुईण बिर्ना आणि तिची बॅग,
पावाचे अठरा क्रेट,
सेलोच्या पेटीला कवटाळून बसलेला एक मुलगा,
ताडपत्रीखाली कुणाचं तरी नवं वॉशिंग मशीन,
सगळे न आलेल्या वादळात अडकलेले.

बैठक झाली. यंत्र मठ्ठ, असं ठरलं.
रान्वा काही बोलली नाही.
रात्री एकटीच ऑफिसात बसून
तिनं ते तीन शब्द पुन्हा वाचले,
मेंढ्या, धक्का, हानुस
डोक्यातून बाहेर काढून,
जणू समुद्र कधी पाहिलाच नाही अशा डोळ्यांनी.
इथे कुणी ध चा मा केला नव्हता.
ध मुळात लिहिलाच नव्हता.

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात.
ह्या शहाण्याकडे शब्दाशिवाय दुसरं काहीच नाही,
ना भुवई उंचावणारा शेजारी,
ना खिडकीतून दिसणारी बोट,
ना कालची आठवण.
त्याचा रोजच पहिला दिवस.

तिनं लिहायला घेतलं.
"एका प्रवाशाचं एका फेरीचं तिकीट रद्द करते.
बोट थांबवत नाही.
बोट थांबवायची असेल तर हे अवजार नव्हे,
ते वेगळं, आणि फक्त कप्तानाच्या हाती.
आरक्षणाचा क्रमांक द्यावा: आठ आकडी,
तिकिटाच्या वरच्या कोपऱ्यात असतो.
नुसतं नाव चालणार नाही,
ह्या बेटावर हानुस नऊ आहेत."
शेवटची ओळ तिनं खोडली.
परत घातली.
"चार म्हणजे सोळा, पहाटेचे चार नव्हेत.
क्रमांक ठाऊक नसेल तर अंदाज करू नये, विचारावं.
एकदा रद्द झालेलं परत जोडता येत नाही."

इथे हात थांबला.
घरी फ्रिजवर ऐनारची चिठ्ठी आहे,
गेल्या ऑक्टोबरातली, एका शब्दाची:
"येतो."
कुठून, केव्हा,
की आपण निघताना म्हणतो ते येतो,
काही लिहिलेलं नाही.
ती सात महिने त्याचा अर्थ लावते आहे,
आणि ती तर माणूस आहे,
त्याच्याबरोबर अकरा वर्षं राहिलेली.

कॉफी गार झाली होती. तशीच प्यायली.

गुरुवारी हानुसनं पुन्हा लिहिलं,
दुसरी मेंढी.
"तुमच्या तिकिटाचा क्रमांक सांगाल का?"
मदतनिसानं विचारलं,
"फक्त तुमचं तिकीट रद्द होईल, बोट सुटेल."
"सुटू दे की," हानुस म्हणाला,
"मी कुठे तिला धरून ठेवलंय?"
कोकराचं काय झालं, ते कुणी विचारलं नाही.
तसं अवजार यादीत नाही.

यादीत अजून बत्तीस आहेत.
रान्वानं पुढचं उघडलं:
"दिवे."
एवढंच.
धक्क्यावरचे की बोटीवरचे,
लावते की विझवते?
काय दिवे लावते कोण जाणे,
असं पुटपुटत तिनं खुर्ची पुढे ओढली.