लहान वर्ग

शीलवंताबाई बाळंतपणाला माहेरी गेल्या, अंबडला,
आणि पाळकसाहेबांनी लहान वर्ग माझ्या गळ्यात घातला.
म्हणाले, तीन ते पाच वयाची आहेत, नऊच आहेत,
खाऊ असला की बसतात.

सोमवार ते शनिवार मी रोलिंग मिलमध्ये.
लाल सळई चिमट्यात धरणाऱ्या हातांनी
पहिल्या रविवारी कागदाचं कबुतर कापलं
तर एक पंखच गेला.
सलोमी म्हणाली, असू द्या सर,
हे चालत जाईल.

तारू केलं मोसंबीच्या खोक्याचं.
त्यावर आधीच छापलेलं होतं : ही बाजू वर.
आत प्राण्यांची बिस्किटं, जोडीजोडीनं.
हत्तींपैकी एकच उरला,
दुसऱ्याचा तपास लागला नाही.
परातीत चार तांबे पाणी,
टँकर येऊन सहा दिवस झाले होते, म्हणून चारच.
चाळीस दिवस चाळीस रात्री पाऊस, असं म्हणालो
तेव्हा तिमथ्यानं विचारलं,
"मग समदी भांडी भरून घेतली का त्यांनी?"
पाठाच्या पुस्तकात याचं उत्तर नव्हतं.
पाणी नंतर लिंबाच्या बुडाशी ओतलं.
तारू भिजून बसलं,
आतले प्राणी त्याआधीच संपले होते.

जक्कयाच्या पाठाला उंबर मीच झालो.
एकेक जण खांद्यावर चढून खिडकीबाहेर बघायचा.
येशू दिसला का?
"नाही. मोईनची बकरी दिसायलीय."
खाली उतर, आज मला तुझ्या घरी यायचंय, असं म्हणालो
तर आशेर कानात कुजबुजला,
"आज नका येऊ. मम्मी धुणं धुवायलीय."
त्या रविवारपासून गॅरेजवाल्यांचा मोईनही येतो.
हजेरीत नाव नाही, खाऊत आहे.

पुस्तकात जवाच्या भाकरी, आमच्या ज्वारीच्या,
बायकोनं रुपयाएवढ्या थापलेल्या, पाचच,
गोष्टीत होत्या तितक्याच.
तिकडे पाच हजार जेवले.
आमच्यात तिसऱ्यालाच रडारड झाली.

मग गेल्या रविवारी, हरवलेलं मेंढरू.
कापूस बेन्याच्या मामाच्या रानातला, सरकीसकट,
पुठ्ठ्यावर खळीनं चिकटवला,
पुठ्ठ्यापेक्षा जास्त एकमेकांच्या केसांना.
खेळ असा : एकानं लपायचं, मी मेंढपाळ,
बाकीच्यांनी कळपात बसायचं, गप्प.
रूथ लपली.
रूथ वर्गात बोलत नाही.
हजेरीला बोट वर करते, तेही अर्धं.

आधी मी खोटंखोटं शोधलं,
पडद्यामागं, बाकाखाली, जिथं नाही हे ठाऊक होतं तिथं.
मग खरोखर.
मग अनवाणी, अंगणात.
फाटक उघडं होतं
आणि फाटकापलीकडून सळयांचे ट्रक चालले होते.

नव्व्याण्णवांना सोडून एकासाठी जावं,
हे खडूनं फळ्यावर लिहायला बरं असतं.

मागं वळलो तर आठही जण माझ्यामागं,
हात धरून, कापूस लागलेले,
आणि सगळ्यात पुढं मोईन, ब्यां ब्यां ओरडत.
"कळपात बसा म्हणालो होतो ना?"
"आम्हीबी हुडकायलोत," आशेर म्हणाला,
मला काहीच कळत नाही अशा आवाजात.

सापडली ती पेटीमागं,
उपासनेच्या सतरंजीच्या गुंडाळीत, झोपेत,
मुठीत एक बिस्किटाचा हत्ती,
मऊ पडलेला, सोंड गेलेली.
डोळे उघडून माझ्याकडं बघितलं
आणि या वर्गातलं पहिलं वाक्य बोलली :
"लई येळ लावला."

सोमवारी भट्टीपुढं मुकादम ओरडला,
बाहीला कापूस काय लावून आलास, पेटशील.
काढला. फेकला नाही, डब्यात ठेवला.

येत्या रविवारी यरीहोची भिंत पाडायची आहे.
सात फेऱ्या, मग शिट्ट्या, मग शेंगदाण्याचे लाडू.
दहाजणांना पुरतील इतके करायला सांगितलेत,
आणि वर चार.
कुणाकडं रिकामी खोकी असतील तर ठेवा.
मोसंबीची असली तरी चालतील.